बोटीची आउटबोर्ड (मागे लावायची) मोटर रेसला पळते, हळू केली की मरते?

भाऊ, लगेच कार्बोरेटर खोलू नकोस. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघ. नवे लोक इथेच फसतात. मग पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबत राहा. तेवढ्याने मोटर टिकली, तर नळीतून हवा शिरतेय किंवा फ्युएल पंप थकलाय. फुगा कडक असूनही मरते? मग बहुतेक कार्बोरेटरमधलं बारीक जेट, म्हणजे हळू चालताना पेट्रोल सोडणारं छिद्र, चोंदलंय. त्यात तार घालू नकोस, छिद्र मोठं होतं, कार्बोरेटर क्लीनर मार.

पेट्रोल उन्हाळाभर पडून असेल तर बदलच. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं. काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेव, पाणी असलं तर तळाशी वेगळा थर दिसतो.

आयडल स्क्रूला (हळू चालीचा वेग ठरवणाऱ्या) सगळ्यात शेवटी हात लाव. आणि हतनूर धरणाच्या पाण्यात नेण्याआधी घरी पाण्याच्या पिंपात चालवून बघ. कोरडी नको हं, थंड करायला पाणी खेचणारा इंपेलर जळतो.