जर्मनीतल्या खात्यातून नेदरलँड्सच्या घरमालकाला डिपॉझिट पाठवायचंय, चार्ज किती लागेल?

वेगळा असा काही लागत नाही हो, दोन्हीकडे युरोच आहे ना, मग जर्मनीतल्या जर्मनीत पाठवायला तुमची बँक जे घेते तेवढंच घेऊ शकते, तसा नियमच आहे. फक्त ॲपमध्ये सेपा ट्रान्सफर (युरोपात युरो पाठवायची नेहमीची पद्धत) निवडा, स्विफ्टच्या (जगभर पैसे पाठवायच्या पद्धतीच्या) भानगडीत पडू नका, मी पहिल्यांदा तेच केलं आणि फुकटचे पैसे गेले.

घरमालकाचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) एनएलने सुरू होणारा १८ अक्षरी असेल (आपला जर्मन २२ चा), तो टाइप करत बसू नका, सरळ कॉपी पेस्ट करा. बिक कोड (बँकेचा ओळख कोड) लागत नाही. इन्स्टंट केलं तर १० सेकंदात पोचतात आणि जानेवारी २०२५ पासून त्याचा जास्तीचा चार्जही घेता येत नाही.

पाठवण्याआधी बँक नाव जुळतंय का तेही दाखवते. आपल्या लोकांना पाठवताना इथेच गंमत होते, खात्यावर वडिलांच्या नावासकट अख्खं नाव असतं आणि आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो, मग 'थोडंफार जुळतंय' असं येतं, घाबरू नका, पण अजिबातच जुळत नसेल तर थांबा आणि घरमालकाला फोन करा, भाड्याच्या घरांत फसवणूक फार चालते.

पोलंड, स्वीडनला त्यांच्या चलनात पाठवायचं असेल तर मात्र आधी कन्व्हर्जन रेट बघा.