परभणीच्या उन्हात आमच्या पोरांनी फुटबॉलच्या सामन्यात पूर्ण ९० मिनिटं प्रेसिंग (बॉल असलेल्या विरोधकावर धावून जाऊन दबाव टाकणं) करावं का?

नका करू. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो. वीस मिनिटांत पोरं गळून जातील आणि मागं मैदान मोकळं पडेल. ४-४-२ (चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढं) लावून मध्यरेषेजवळ थांबा, बचावफळी आणि मधल्या फळीत १०-१२ मीटरच अंतर ठेवा. तुटून पडायचं ते खूण दिसल्यावरच: पास मागं गेला, विरोधी संघाच्या बॅकनं (बचावपटूनं) स्वतःच्या गोलकडं तोंड करून बॉल घेतला, किंवा बॉल पायावरून उसळला. आपल्या मुरमाड मैदानांवर तो उसळतोच, ती संधी सोडू नका! पण धावायचं तर सगळ्यांनी मिळून. एकटा स्ट्रायकर पळाला की एका पासात बाद होतो. प्रशिक्षक गार्डिओलांची बार्सिलोनासुद्धा बॉल गेल्यावर पाचेक सेकंदच झडप घालायची, नाही मिळाला तर मागं येऊन रचना धरायची. गोलकिकवरून छोटे पास असल्या मैदानावर टाळाच.