चित्रकार माणसाचं शरीर विद्रूप का करतात? त्यातून त्याची ओळख कशी कळणार?

मुद्दाम करतात. हात बसलेला नसतो म्हणून नव्हे. पिकासोने १९०७ साली एका चित्रात पाच बायकांची शरीरं कोनाकोनांत फोडली, तेव्हा सरळ माणूस त्याला कधीच साधला होता.

पण तुमचा 'विद्रूप' हा शब्द मला झोंबला, कारण तो आमच्या घरात वापरून झालाय.

आमची गणपतीची चित्रशाळा. पावसाळाभर फळीवर देवाचे हात वेगळे, धड वेगळं पडलेलं असायचं. बाबा अंगठ्याने सांधे लिंपायचे. आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी बाबांचं चित्र काढलं. उजवा अंगठा चेहऱ्याएवढा, तोंड नाहीच. बाबा दिवसाला चार वाक्यं बोलायचे, तीही मातीबद्दल. आई म्हणाली, "बापायक मोनो केलो मरे तुवें!" मोनो म्हणजे मुका. काका चारचौघांत म्हणाले, विद्रूप केलंस, हा माझा भाऊ म्हणून ओळखूही येत नाही. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, नखात माती नाही.

काकांना आवडतो तो बाबांचा स्टुडिओतला फोटो. कोट भाड्याचा. त्यात बाबा कुणाचेही बाबा वाटतात.

गोव्यातल्या आमच्या साळगावचा चित्रकार एफ. एन. सूझा घ्या. लहानपणी देवीच्या आजारातून वाचला म्हणून आईने त्याला गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं नाव लावलं, फ्रान्सिस. त्याने काढलेल्या डोक्यांचे डोळे कपाळात चढलेले, चेहऱ्यावर रेघोट्यांची गिचमीड. मला त्यात देवीचे व्रण दिसतात. समीक्षक काय म्हणायचं ते म्हणोत. आणि त्याच सायबाच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात मेणाचे हातपाय विकायला असतात. दुखेल तेवढाच अवयव वाहायचा. काका स्वतः गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहून आले. तेव्हा बाकीचा माणूस कुठे गेला, असं त्यांनी विचारलं नाही!

प्रमाणबद्ध चित्रातून माणूस कळतो, हे मला पटत नाही. पासपोर्टच्या फोटोत असतो तेवढाच कळतो.

हां, अंगठा मोडण्याआधी मी तो शंभरदा सरळ काढला होता, हे सांगायचं राहिलं. हाडं-स्नायू न शिकता नुसतं वाकडं काढणारेही पुष्कळ आहेत, त्यांची बाजू मी घेत नाहीये. तुम्ही स्वतः काढत असाल तर त्या माणसाचा कोणता अवयव बोलतो ते आधी बघा. घरच्यांना विचारू नका.

नखातली माती मी नंतर घातली. काकांना अजून दाखवलेली नाही.