वाचकांचे प्रश्न : दीड तारा खरा की टाळ्या खऱ्या?

प्रश्न : भाच्याच्या आग्रहावरून ‘नेपोलियन डायनामाइट’ हा २००४ सालचा अमेरिकन विनोदी चित्रपट आम्ही घरी सर्वांनी मिळून पाहिला. भाचा हसून हसून लोळत होता, माझी बहीण अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात गेली, आणि मला शेवटपर्यंत हसावे की नाही हेच कळेना. नंतर शोधले, तेव्हा रॉजर एबर्ट यांच्यासारख्या नामवंत समीक्षकाने त्याला चारपैकी दीड तारा दिल्याचे दिसले, तर इतर कित्येकांनी तो डोक्यावर घेतला आहे. जाणकारांमध्ये एवढी तफावत कशी पडते आणि आमच्यासारख्यांनी कोणाचे प्रमाण मानावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आयडाहो राज्यातील प्रेस्टन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावातला नेपोलियन नावाचा शाळकरी मुलगा, घरी बसून संगणकावर गप्पा मारणारा त्याचा मोठा भाऊ किप, मनाने १९८२ सालातच राहिलेला काका रिको आणि शाळेत विद्यार्थ्यांच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारा मित्र पेड्रो, एवढ्यांची ही गोष्ट आहे. किंबहुना गोष्ट अशी फारशी नाहीच. दिग्दर्शक जॅरेड हेस यांनी पत्नी जेरुशा यांच्यासह पटकथा लिहिली आणि सुमारे चार लाख डॉलरमध्ये चित्रपट पुरा केला. जानेवारी २००४ मध्ये तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि त्यानंतर एकट्या अमेरिकेतच त्याने चार कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

एबर्ट यांचे म्हणणे असे की हा ठरवून आणलेला बावळटपणा आहे, नायक आपल्याला आवडावा यासाठी चित्रपट काहीच करत नाही, आणि सनडान्सचे प्रेक्षक हसले ते आपण मागासलेले दिसू नये म्हणून. यातला शेवटचा टोमणा मला अन्यायाचा वाटतो, कारण दुसरा माणूस का हसला याचा निवाडा आपल्याला करता येत नाही. पहिली दोन निरीक्षणे मात्र अचूक आहेत आणि गंमत अशी की, ज्यांना चित्रपट आवडला तेही नेमक्या याच दोन गोष्टी वाखाणतात.

वर्गातला एक प्रसंग घ्या. नेपोलियनने दुपारच्या जेवणातले बटाट्याचे तळलेले गोळे पँटच्या गुडघ्याजवळच्या खिशात भरून आणले आहेत आणि तास चालू असताना तो ते एकेक काढून खातो. शेजारचा मुलगा मागतो, हा नाही म्हणतो. तेव्हा तो मुलगा त्या खिशावरच लाथ मारतो आणि आतला सगळा खाऊ चेचला जातो. दुसऱ्या एखाद्या विनोदी चित्रपटात येथे वर्गभर हशा पिकला असता, पार्श्वसंगीताने आपल्याला खूण केली असती, नाहीतर मुलाच्या डोळ्यांत पाणी दाखवून आपली सहानुभूती मागितली असती. येथे नेपोलियन वैतागून ओरडतो आणि प्रसंग संपतो. हसायचे की हळहळायचे हे दिग्दर्शक सांगत नाही. ज्याला त्यात मोकळीक जाणवते तो खूश होतो, आणि ज्याला त्यात बेपर्वाई दिसते त्याला तोच प्रसंग निर्दय वाटतो. आपल्या भगिनी उठून गेल्या त्या बहुधा या दुसऱ्या कारणाने. त्यांना विनोद कळला नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल.

ही फाटाफूट केवळ समीक्षकांपुरती नाही. कोणत्या ग्राहकाला कोणता चित्रपट किती आवडेल याचे भाकीत करणारी आपली पद्धत दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्यास नेटफ्लिक्स कंपनीने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. ते २००९ मध्ये दिले गेले; पण मधल्या काळात ज्या चित्रपटांनी स्पर्धकांना सर्वाधिक छळले त्यांत हा अग्रभागी होता. एरवी आवडीनिवडी जुळणाऱ्या दोन माणसांपैकी एक जण याला पाच तारे देई आणि दुसरा एकच, आणि त्यांच्या आधीच्या पसंतीवरून कसलाच ताळा लागत नसे. तेव्हा कोणाचे प्रमाण मानावे या प्रश्नाला माझे उत्तर असे की, निदान ताऱ्यांचे मानू नये. समीक्षकाने चित्रपटाचे जे वर्णन केले आहे ते वाचावे. कथा पुढे सरकत नाही, पात्रांचे चेहरे निर्विकार आहेत आणि संवादांमध्ये लांब विराम आहेत, अशी तक्रार दीड तारा देणाऱ्याने केली असेल आणि आपल्याला असलेच चित्रपट रुचत असतील, तर तो लेख आपल्यापुरता शिफारसपत्रच आहे.

प्रश्न : ही लहान गावातल्या माणसांची टिंगल नव्हे काय? आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्यांना याचा चांगला अनुभव आहे. मराठी पडद्यावर ‘काऊन बे’ म्हणणारा आला की तो बहुधा नोकर, हवालदार नाहीतर भोळा गावकरी असतो आणि त्याने तोंड उघडले की लोक हसतात.
— एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपला राग रास्त आहे आणि तो या चित्रपटावरच्या सर्वांत गंभीर आक्षेपाला जाऊन भिडतो. हेस हे स्वतः प्रेस्टनमध्ये वाढले आणि चित्रीकरणही त्यांनी तेथेच केले, असा बचाव नेहमी केला जातो. आयडाहोच्या विधिमंडळाने तर २००५ मध्ये या चित्रपटकर्त्यांचे कौतुक करणारा ठराव संमत केला. बटाट्याच्या त्या गोळ्यांमुळे राज्याच्या प्रसिद्ध पिकाची जाहिरात झाली असा उल्लेख त्यात आहे, आणि विरोधात मत देणारा मूर्ख समजला जाईल अशी नेपोलियनच्याच भाषेतली तंबीही आहे. (आपल्या हिवाळी अधिवेशनात असा एखादा ठराव येण्याची मी वाट पाहतो आहे.)

तथापि, घरच्या माणसाने केलेली प्रत्येक थट्टा माफ, हा युक्तिवाद मला पटत नाही. नेपोलियनला चित्रपट निदान त्याचे स्वतःचे जग देतो. तो खोलीत एकट्याने नाच शिकतो आणि भरल्या सभागृहात मंचावर नाचतो, तेव्हा त्याचे कौशल्य खरे असते. मेक्सिकन वंशाचा पेड्रो आणि किपची कृष्णवर्णीय प्रेयसी लाफॉन्डा यांच्या वाट्याला असे काही येत नाही. पेड्रो बहुतेक वेळ नुसता उभा असतो आणि निवडणूकही जिंकतो ती मित्राच्या नाचामुळे. लाफॉन्डाचे काम काय, तर गोऱ्या किपला गळ्यात साखळी घालायला लावून त्याचे रूप पालटणे, एवढेच. ज्यांनी यावर बोट ठेवले त्यांचे म्हणणे मला एबर्ट यांच्या आक्षेपापेक्षा वजनदार वाटते.

बोलीचा मुद्दा याहून वेगळा आहे आणि तो समजून घ्यायला झाडीपट्टीकडे पाहावे. दिवाळीनंतर वडशाच्या नाट्यमंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगाव रात्रभर नाटके करतात. त्यांतला विनोदी नट झाडीबोलीत बोलतो आणि समोर बसलेली माणसे घरी तीच बोली बोलतात. तेथे लोक हसतात ते त्या नटाने वाक्य नेमक्या वेळी टाकले म्हणून. बोलण्याच्या ढंगात हसण्यासारखे काही आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. तेच वाक्य मुंबईच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गेले की त्या नटाभोवती प्रमाण मराठी बोलणारे चार जण उभे केलेले असतात, आणि हसण्याचे कारणच बदलते. प्रेस्टनच्या चित्रपटात ते चार जण नाहीत. बाहेरून येऊन गावाला नाक मुरडणारा शहाणा पात्रांमध्ये नाही; तो असलाच तर प्रेक्षागृहात असतो. म्हणूनच टिंगलीचा आरोप सिद्ध करणेही अवघड जाते आणि खोडून काढणेही.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’मध्ये (२००८) बाहेरचा माणूस आहे. गावात मोकाट सुटलेला वळू पकडायला आलेला तो वनाधिकारी. पण त्याचे आडनाव गड्डमवार, म्हणजे आपल्याकडचे, आणि सगळ्या गोंधळात त्यातल्या त्यात शांत असतो तो हाच. आपल्या तक्रारीला एवढा एक अपवाद नोंदवून ठेवावा.

प्रश्न : महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी अशाच एका विनोदी चित्रपटाचे परीक्षण लिहायचे आहे. विनोद सांगितले तर मजा जाते आणि न सांगितले तर लिहायला काही उरत नाही.
— एक विद्यार्थी, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : एकच प्रसंग निवडावा आणि तो पुरता सांगावा : कॅमेरा कोठे आहे, कोण गप्प आहे, प्रसंग कोणत्या क्षणी तोडला आहे. बाकीचे प्रसंग वाचकासाठी राखून ठेवावेत. ‘निखळ मनोरंजन’ आणि ‘हलकाफुलका’ हे शब्द जाहिरातवाल्यांना परत करावेत. आपल्याला कोठे हसू आले नाही तेही लिहावे. बहुतेक परीक्षणांत नेमके तेवढेच गाळलेले असते.

शिवाय, पूर्ण चित्रपट पाहूनच लिहावे. ‘नेपोलियन डायनामाइट’मध्ये श्रेयनामावलीनंतर किप आणि लाफॉन्डा यांच्या लग्नाचा प्रसंग येतो. तो सनडान्सनंतर चित्रित करून जोडला गेला, म्हणजे महोत्सवात पाहून लिहिणाऱ्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. आणि घरी पाहणारे नावे सरकू लागताच उठतात. त्यात किप नवरीसाठी गाणे गातो. लाफॉन्डाबद्दलच्या वरच्या आक्षेपाला तेथे थोडे तरी उत्तर मिळते का, हे आपण पाहून ठरवावे.