ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान काढतोयस? आधी एवढंच भर

अरे भारी बातमी! पण पहिल्याच खेपेला बर्फातले बूट नि आइस अ‍ॅक्स भरू नकोस, बरेच जण तिथेच फसतात, तुझं गिऱ्हाईक राजगड-हरिश्चंद्रगडवालं आहे.

- हेडलॅम्प आणि जास्तीचे सेल. कळसूबाई रात्री चढणारे मोबाईलच्या टॉर्चवर निघतात, मग शिडीवर एक हात अडकतो
- शिट्टी, ओआरएस, क्रेप बँडेज. अडकलास तर मिनिटाला ६ वेळा वाजव, हे शिट्टी देतानाच सांग
- ओल्या कातळावर पकड घेणारे बूट, मॉडेल एकच पण साईज सगळे

दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) यांवर मात्र सीई किंवा यूआयएए हा सुरक्षा-चाचणीचा शिक्का नसेल तर कितीही स्वस्त मिळो, उचलू नकोस, आणि वापरलेला दोर तर अजिबात विकू नकोस रे, त्यावर कुणाचा तरी जीव लटकणार असतो. रॅपलिंगचं, म्हणजे दोरावरून कडा उतरायचं, बाकीचं सामान पुढच्या सीझनला बघू.