वीस पौंडांचा पॉड की दोनशे पौंडांचा मॉड?

ब्रिटनमधल्या वाचकांकडून व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, खरेदीबद्दल बरीच पत्रं आली आहेत. पॉड म्हणजे लिक्विड भरायची छोटी कुपी, आणि ती बसते ते खिशात मावणारं यंत्रही. मॉड म्हणजे वर लिक्विडचा वेगळा टँक बसवायचं मोठं बॅटरीचं यंत्र. त्यातली निवडक या वेळी घेतली आहेत. उत्तरं आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या आणि ती सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहेत. जे ओढत नाहीत त्यांनी यातलं काहीही घ्यायचं कारण नाही. भारतातल्या वाचकांचा कायदा वेगळा आहे, त्याचं उत्तर खाली स्वतंत्र दिलं आहे.

प्रश्न : मी दिवसाला पंधरा-वीस सिगारेटी ओढतो. दुकानदाराने २०० वॅटचा दोन बॅटऱ्यांचा मॉड, वर वेगळा टँक आणि चार्जर असा १४० पौंडांचा संच दाखवला. ‘स्वस्त पॉड घेतलात तर आठवड्यात परत सिगारेटवर याल’, असं म्हणाला. खरं आहे का? (लेस्टरहून एक वाचक)

उत्तर : तो महागडा संच घेऊन तुम्ही परत सिगारेटवर येण्याची शक्यता जास्त. सिगारेटचा धूर माणूस आधी तोंडात घेतो आणि मग छातीत ओढतो. तसाच झुरका हवा असेल तर कॉइल (लिक्विड तापवणारी तार) ०.८ ते १.२ ओहम रोधाची, शक्ती १० ते १८ वॅट आणि हवेचं भोक बारीक लागतं. २०० वॅटचा मॉड वेगळ्या कामासाठी असतो. त्यावर ०.१५ किंवा ०.२ ओहमची कॉइल ६०-८० वॅटवर चालवतात, वाफ थेट छातीत घेतात आणि ढग मोठा निघतो. तुम्हाला १२ वॅट हवे असताना तो घेणं म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ट्रक काढण्यासारखं.

माणूस परत सिगारेटकडे वळतो तो बहुधा निकोटीन कमी पडल्यामुळे. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली निकोटीन चालतं. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याने २० मिलिग्रॅमच्या ‘निक सॉल्ट’पासूनच (निकोटीनच्या क्षाराचं लिक्विड) सुरुवात करावी. सॉल्ट घशाला मऊ लागतं, त्यामुळे एवढ्या ताकदीचं लिक्विडही ठसका न लागता घेता येतं. दहाच्या आतबाहेर ओढणाऱ्याला १० मिलिग्रॅम पुरू शकतं. मोठ्या मॉडमध्ये साधारण ३ मिलिग्रॅमचं लिक्विड वापरतात. त्यात चुकून २० मिलिग्रॅमचं भरलं तर दोन झुरक्यांतच डोकं गरगरतं आणि मळमळतं.

तुमच्यासाठी पुन्हा भरता येणारा पॉड, १५ ते २५ पौंडांचा, पुरेसा आहे. व्हेपोरेसो एक्सरॉस, ऑक्स्वा एक्सलिम आणि युवेल कॅलिबर्न या मालिका याच कामाच्या आहेत. घेताना पाच गोष्टी बघा : बॅटरी ८०० ते १००० एमएएचची हवी, हवा कमी-जास्त करायची सोय हवी, चार्जिंगला यूएसबी-सी हवं, लिक्विडची पातळी बाहेरून दिसली पाहिजे आणि त्याचे बदली पॉड तुमच्या घराजवळच्या दुकानात मिळाले पाहिजेत. पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. रविवारी संध्याकाळी पॉड जळला आणि नवा मिळाला नाही, तर कोपऱ्यावर सिगारेटचं पाकीट मात्र मिळतंच. रंगीत पडदा, नाचणारे दिवे, झुरके मोजणारा आकडा, फोनचं अ‍ॅप यांना एक पेनीही जास्त देऊ नका.

१४० पौंड खर्च करायची तयारी असेलच, तर एकाच जातीचे दोन स्वस्त पॉड घ्या. एक खिशात, एक चार्जिंगला. उरलेल्या पैशात काही महिन्यांचं लिक्विड येईल. आणि खिसा उघडण्याआधी तुमच्या कौन्सिलच्या ‘स्टॉप स्मोकिंग’ सेवेला फोन करा. इंग्लंडमध्ये २०२३ साली ‘स्वॅप टू स्टॉप’ योजना जाहीर झाली, तेव्हापासून अनेक ठिकाणी पहिला संच फुकट आणि सोबत समुपदेशनही मिळू लागलं. तुमच्याकडे मिळतं का ते विचारा.

प्रश्न : महाग यंत्र एकदाच घ्यायचं असतं. पुढे खर्च वाचतो ना? (स्लाव)

उत्तर : नाही. पैसा यंत्रात जात नाही, लिक्विडमध्ये आणि कॉइलमध्ये जातो. कागद-पेन घ्या.

पॉडवर २० मिलिग्रॅमचं लिक्विड दिवसाला साधारण २ मिली लागतं, म्हणजे महिन्याला ६० मिली. १० मिलीची बाटली ४ पौंडांना धरली तर सहा बाटल्यांचे २४ पौंड. महिन्याला तीन-चार बदली पॉड, प्रत्येकी ३ पौंडांच्या आसपास. सगळं मिळून ३५ पौंडांच्या घरात बसतं. सिगारेटचं एक पाकीटच आता पंधरा पौंडांच्या वर आहे. मोठ्या मॉडवर दिवसाला १० मिली सहज उडतं, म्हणजे महिन्याला ३०० मिली. बाटली मोठी आणि मिलीमागे स्वस्त असते म्हणून हा फरक आजवर डोळ्यांत भरत नव्हता.

नव्या करामुळे हे गणित बदलतं. १ ऑक्टोबर २०२६ ही ब्रिटनमध्ये व्हेप-शुल्क लागू होण्याची तारीख आहे : दर १० मिलीला २ पौंड २० पेन्स, त्यावर व्हॅट धरून २ पौंड ६४ पेन्स. लिक्विडमध्ये निकोटीन २० मिलिग्रॅम असो की शून्य, कर तेवढाच. म्हणजे ६० मिलीवाल्याला महिन्याला १५ पौंड ८४ पेन्स, तर ३०० मिलीवाल्याला ७९ पौंड २० पेन्स नुसता कर. ज्याचं यंत्र जास्त लिक्विड पितं त्याच्या खिशाला हा कर जास्त लागणार. यंत्राची किंमत या हिशेबात कुठेच येत नाही.

एक सावधगिरी. दुकानात सगळ्यांत पुढे मांडलेले, आधीच भरलेल्या पॉडचे चटपटीत संच दिसायला स्वस्त असतात. एकदा वापरून फेकायचे व्हेप १ जून २०२५ पासून ब्रिटनभर विक्रीतून बंद झाले, त्यांच्या जागी बरेचसे हेच आले. यंत्र पाच-सहा पौंडांना मिळतं, पण २ मिलीचे दोन भरलेले पॉड पाच-सहा पौंडांना, म्हणजे मिलीला सव्वा ते दीड पौंड. बाटलीतून भरलं तर तेच मिलीला चाळीस पेन्स. खोक्यावरचा झुरक्यांचा आकडा छोट्या झुरक्यांचा हिशेब असतो. सिगारेट ओढणारा लांब ओढतो, त्याला तो आकडा कधी गाठता येत नाही.

प्रश्न : नवा पॉड दुसऱ्याच दिवशी जळका लागतो. तीन झाले. यंत्र वाईट आहे का? (मिल्टन कीन्स)

उत्तर : तीनही पॉड लागोपाठ गेले म्हणजे दोष बहुधा भरण्याच्या पद्धतीत किंवा लिक्विडमध्ये आहे. कॉइलभोवती कापूस असतो. तो भिजलेला असेपर्यंत वाफ निघते, कोरडा पडला की कापूसच जळतो. एकदा जळलेला कापूस सुधारत नाही, तो पॉड टाकूनच द्यावा लागतो.

नवा पॉड भरल्यावर किमान दहा मिनिटं उभा ठेवा. मग यंत्र बंद असतानाच चार-पाच हलके, रिकामे झुरके घ्या, म्हणजे लिक्विड कापसात ओढलं जाईल. वॅट बदलता येत असतील तर पॉडवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला सुरुवात करा. ‘१२-१६ वॅट’ छापलं असेल तर बारापासून. पहिल्या दिवशी लागोपाठ आठ-दहा झुरके ओढू नका, दोन झुरक्यांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. पॉड एक चतुर्थांश उरला की भरा. तळाला जाईपर्यंत थांबलात की कापूस एका बाजूने उघडा पडतो.

आता बाटली उलटी करून बघा. त्यावर ७०/३० किंवा ‘हाय व्हीजी’ लिहिलं असेल तर कारण सापडलं. व्हीजी म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन, ते मधासारखं दाट असतं. पहिला आकडा त्याचा, दुसरा पातळ पीजीचा (प्रॉपिलीन ग्लायकॉल). १ ओहमच्या पॉडची भोकं बारीक, त्यातून ते वेळेवर आत जात नाही, थंडीच्या दिवसांत तर मुळीच नाही. पॉडला ५०/५० लिक्विड घ्या. उलट, ते पातळ लिक्विड मोठ्या टँकमध्ये घातलं तर खालून गळतं.

५०/५० असूनही पॉड चार दिवसांत काळा पडत असेल तर चव तपासा. मिठाई, थंडगार फळं, कोला अशा चवींत गोडवा म्हणून सुक्रालोज घातलेलं असतं. ते कॉइलवर जळून डांबरासारखा थर धरतं. साधी तंबाखूची किंवा पुदिन्याची चव तोच पॉड दोन आठवडे चालवते. कमी गोड लिक्विड घेतलंत की पॉडचा खर्च अर्ध्यावर येतो. बचतीची याहून सोपी युक्ती आम्हाला माहीत नाही.

गुरगुर आवाज येत असेल तर दोष उलटा आहे, कॉइल बुडाली आहे. फार जोरात ओढल्याने असं होतं. पॉड काढा, तळाशी टिश्यू पेपर लावून दोन-तीन झटके द्या, यंत्रातल्या धातूच्या टोकांवरचं लिक्विड पुसा आणि मऊ ओढा.

प्रश्न : मित्राकडे जर्मन बनावटीचा कायफुन आणि डीएनए चिपचा मॉड आहे. हा नुसता दिखावा का? (हाउन्स्लो)

उत्तर : दिखावा नाही, पण तुमची गरजही नाही. कायफुनसारख्या टँकमध्ये कॉइल स्वतः गुंडाळायची आणि कापूस स्वतः घालायचा. धातूकाम सुरेख असतं, सुटे भाग आणि रबरी कड्या वर्षांनंतरही मिळतात. अमेरिकेच्या इव्हॉल्व्ह कंपनीची डीएनए चिप शक्ती अचूक देते आणि कॉइलचं तापमान धरून ठेवते. मात्र हे तापमान-नियंत्रण निकेल, टायटॅनियम किंवा ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या तारेवर चालतं, कारण तापल्यावर त्या तारांचा रोध बदलतो. बहुतेक जण वापरतात ती कँथल तार तापली तरी तिचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो. तिच्यावर चिपला तापमान कळतच नाही. मग १३ वॅटवर कँथल चालवणाऱ्याने चिपच्या नावाखाली जास्तीचे शंभर पौंड कशासाठी द्यायचे?

हाताने कॉइल करण्याची हौस असेल तर पंचवीस-तीस पौंडांचा टँक आणि तेवढ्याच किमतीचा एका बॅटरीचा मॉड घ्या. २८ गेज जाडीच्या कँथल तारेचे अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे दिले की सुमारे १.१ ओहम येतात. दहा मीटरच्या रिळात शंभराहून जास्त कॉइल होतात, म्हणजे कॉइलचा खर्च पेन्समध्ये येतो. कापूस सैल घाला. भोकातून ओढताना तारेला किंचित हलवेल इतकाच घट्ट. मॉडला ओहम दाखवण्याची सोय हवीच, वेढे नीट बसले नसतील तर ती आधी सांगते. सिगारेट सुटून काही महिने झाल्यावरच या वाटेला जा. पहिल्या आठवड्यात पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायची वेळ येऊ नये.

प्रश्न : ऑनलाइन जुना मेकॅनिकल मॉड बॅटरीसकट वीस पौंडांना मिळतो आहे. घ्यावा का? (बर्मिंगहॅम)

उत्तर : घेऊ नका. मेकॅनिकल मॉडमध्ये चिप नसते, बटण दाबलं की बॅटरी थेट कॉइलला जोडली जाते. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची. ०.१५ ओहमची कॉइल असेल तर ४.२ भागिले ०.१५ म्हणजे २८ अँपिअर. चांगली १८६५० आकाराची बॅटरीही सतत २० ते २५ अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते. ती तापते, वायू सोडते आणि बंद नळीत असेल तर फुटते. चिपचं यंत्र शक्तीवर मर्यादा ठेवतं आणि रोध त्याच्या मर्यादेखाली गेला तर ‘रोध कमी’ म्हणून चालूच होत नाही.

बॅटरीवर ‘९९०० एमएएच’ छापलं असेल तर ती खोटी समजा. या आकाराच्या खऱ्या बॅटरीची मजल साडेतीन हजारांच्या आसपास संपते. मोलिसेल, सॅमसंग किंवा सोनी-मुराटा, बॅटरीच विकणाऱ्या दुकानातून घ्या. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं तर वापरू नका. दुकानात काही पेन्समध्ये नवं वेष्टन मिळतं. सुटी बॅटरी चाव्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नका, एक पौंडाची प्लॅस्टिकची डबी त्यासाठीच असते.

प्रश्न : लंडनचा भाचा दिवाळीला येतोय. त्याच्याकडून एक चांगला, स्वस्त व्हेप मागवू का? (पुणे)

उत्तर : नको. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि सामानातून आणणं ही आयातच. पुण्यात चोरून मिळणाऱ्या मालात काय आणि किती निकोटीन आहे, हे सांगणारंही कोणी नाही. २ मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर फुकट सल्लाही मिळतो. भाच्याला सांगा, स्वतःचाही घरी ठेवून ये.

प्रश्न : खणात पंधरा-वीस संपलेले डिस्पोजेबल पडले आहेत. कचऱ्यात टाकू का? (लीड्स)

उत्तर : घरच्या कचऱ्यात नाही. प्रत्येकात लिथियमची बॅटरी आहे आणि कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली की ती पेट घेते. ब्रिटनमध्ये व्हेप विकणाऱ्या दुकानाला जुने परत घ्यावेच लागतात. पुढचं लिक्विड आणायला जाल तेव्हा पिशवी सोबत न्या. दुकानदार नाही म्हणाला तर कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रात छोट्या विजेच्या वस्तूंच्या पेटीत टाका. घरी फोडून बॅटरी काढायच्या भानगडीत पडू नका.