मतदारसंघाच्या सीमा बदलून निवडणूक फिरवता येते का?

अमेरिकेत पक्ष मतदारसंघ आपल्या सोयीने कापतात, तसं आपल्याकडेही होतं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: लोकसभा-विधानसभेला फारसं नाही, महापालिकेला मात्र होतं. आणि तिथेही खरी गोम रेषेपेक्षा प्रभागाच्या आकारात असते.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नकाशा विधिमंडळच ठरवतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचंय त्यांच्याच हातात पेन्सिल. आपल्याकडे त्यासाठी परिसीमन आयोग असतो. 2002 च्या कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. खासदार-आमदार बैठकीला बसायचे, पण त्यांना मताधिकार नव्हता. त्या फेररचनेने भल्याभल्यांची पंचाईत केली. पंढरपूर हा राखीव लोकसभा मतदारसंघच गेला, आणि तिथले खासदार रामदास आठवले 2009 ला नव्या शिर्डीतून लढून हरले. मुंबई शहराच्या विधानसभेच्या जागा 17 वरून 10 वर आल्या, उपनगरांच्या 17 वरून 26 झाल्या. माणसं उत्तरेकडे राहायला गेली होती, जागाही त्यांच्या मागे गेल्या.

आता महापालिका. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग रचनेचा अधिकार राज्य सरकारकडे दिला. 2025 चे आराखडे पालिका आयुक्तांनी केले, ते नगरविकास खात्यामार्फत पुढे गेले आणि अंतिम मान्यता राज्य निवडणूक आयोगाची. नियम कागदावर चांगले आहेत: सुरुवात उत्तरेकडून, शेवट दक्षिणेला, लोकसंख्येत सरासरीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त फरक नको, नदी-नाले-रेल्वे शक्यतो ओलांडायची नाही, वस्ती फोडायची नाही. पण लोकसंख्या धरायची 2011 ची. पुण्याच्या कडेला त्यानंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्या या हिशोबात नाहीतच.

आणि आकार? पुण्यात 2007 ला एका प्रभागात एक नगरसेवक होता, 2012 ला दोन, 2017 ला चार. 2021 मध्ये महाविकास आघाडीने तीनचं ठरवलं, 2022 मध्ये शिंदे सरकारने पुन्हा चार केले. मुंबईत प्रभाग एकसदस्यीयच असतात, तर तिथे एकूण जागाच 227 च्या 236 आणि परत 227. दर वेळी प्रशासकीय कारण दिलं गेलं. मला तरी ते पटलेलं नाही.

चार नगरसेवकांच्या प्रभागाला पॅनेल म्हणतात, त्यात प्रत्येक मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी एकेक मत देतो. अशा पॅनेलने काय होतं ते बघा. समजा शेजारशेजारच्या चार वस्त्या आहेत, प्रत्येकीत 10 हजार मतदान होतं. एका वस्तीत कामाची एक बाई आहे, कुठल्याच पक्षात नाही, तिला तिथे 6 हजार मतं मिळतात. एकसदस्यीय प्रभाग असता तर ती आरामात नगरसेविका झाली असती. चारही वस्त्या एकत्र केल्या की प्रत्येक जागेसाठी 40 हजार मतं होतात. बाकीच्या तीन वस्त्यांत तिला हजार-हजार मिळाली तरी बेरीज 9 हजार. उलट ज्या पक्षाला सगळीकडे मिळून 16 हजार मतं आहेत आणि विरोधक विखुरलेले आहेत, तो अ, ब, क, ड चारही जागा नेतो. 40 टक्के मतांत 100 टक्के जागा, आणि त्यासाठी एकही रेष वाकडी मारावी लागत नाही. अपक्ष आणि छोटे पक्ष पॅनेलला का घाबरतात ते यातच आलं. (मोठ्या प्रभागामुळे कामाचं नियोजन नीट होतं, असं समर्थन ऐकू येतं. आमच्याकडे ड्रेनेज तुंबलं की चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात.)

मुंबई-पुण्यासह बऱ्याच महापालिकांची मुदत 2022 ला संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मुख्य कारण ओबीसी आरक्षणाचा खटला, पण प्रभाग रचनेच्या या उलटापालटीनेही घोळ वाढवला.

पुढच्या वेळी प्रारूप रचना जाहीर झाली की हरकतींची मुदत आधी बघा, ती थोड्याच दिवसांची असते. हरकत लिहिताना 'अमुक नेत्याच्या सोयीसाठी केलंय' असं लिहू नका, त्याला सुनावणीत वजन नसतं. आपल्या वस्तीचे दोन तुकडे कुठल्या गल्लीत झालेत, हद्द कुठला नाला ओलांडते, ते नकाशावर खूण करून जोडा.